मण्यारीनं तोडलेला जोड



मण्यार रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला. दात इतके बारीक की बऱ्याचदा खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, मग पापण्या जड होतात, जीभ लुळी पडते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. व्हेंटिलेटर लावून बाहेर आलो की घरचे विचारतात, "डॉक्टर, आहे ना हो अजून?" आहे. पुष्कळदा सगळं ऐकतोयसुद्धा, फक्त पापणी उचलता येत नाही. अशा रुग्णाच्या उशाशी मी फार जपून बोलतो.

मेंदू शाबूत, स्नायूही शाबूत. तुटलाय तो दोघांमधला जोड. जोड म्हणायचा एवढंच; चेतातंतू स्नायूला टेकलेला नसतोच. मध्ये फट असते, मिलिमीटरच्या सुमारे 20 हजाराव्या भागाएवढी. तंतूच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनाच्या पुड्या भरलेल्या असतात. निरोप आला की त्या फुटतात, रसायन पलीकडच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि स्नायू आखडतो. मण्यारीच्या विषातला एक घटक हे रिसेप्टर अडवतो, दुसरा अलीकडचं टोकच उद्ध्वस्त करतो. सर्पदंशाची लस रक्तात फिरणारं विष मारते. मोडलेलं टोक काही तिला सांधता येत नाही. ते शरीरानंच पुन्हा वाढवायचं. त्याला दिवस लागतात, कधी आठवडे.

नवल असं, की नवं टोक बहुधा जुन्याच जागी येऊन बसतं. ही जागा पक्की होते गर्भात. चेतातंतू स्नायूपाशी पोचला की अ‍ॅग्रिन नावाचं प्रथिन सोडतो आणि विखुरलेले रिसेप्टर तिथे गोळा होतात. सुरुवातीला एकाच स्नायूतंतूवर अनेक चेतातंतू हक्क सांगतात. मग एकेक माघार घेतो, एकच उरतो. भाऊबंदकीचा तंटा, पण कोर्टकचेरीविना मिटणारा!

हे रिसेप्टर दिसले कसे, मोजले कसे? 1963 साली तैवानमध्ये चँग आणि ली यांनी तिथल्या मण्यारीच्या विषातून एक घटक वेगळा काढला. तो रिसेप्टरला घट्ट चिकटतो, सुटता सुटत नाही. त्याला खूण लावली की रिसेप्टर कुठे, किती, ते कळतं. मारायला निघालेलं विष असं कामाला लागलं.

आमच्या वॉर्डात मात्र वाट पाहणं चालू असतं. घरचे पापण्यांकडे बघत बसतात. मी रोज सकाळी चादर बाजूला करतो आणि म्हणतो, "दादा, पायाचा अंगठा हलवा बघू."