दक्षिण ध्रुवावरील अरण्य

१९१२ सालच्या नोव्हेंबर महिन्यात कॅप्टन स्कॉट व त्यांचे दोन सहकारी यांचे मृतदेह शोधपथकाला बर्फात सापडले. त्यांच्या घसरगाडीवर सुमारे १६ किलो दगड होते. उपासमारीने गलितगात्र झालेल्या त्या माणसांनी जीव जाईतो हे ओझे टाकले नव्हते! दगडांत ग्लोसॉप्टेरिस या प्राचीन वनस्पतीच्या पानांचे ठसे होते. हीच पाने आपल्या नागपूरजवळील कामठीच्या खडकांतही आढळतात. दक्षिण ध्रुव व विदर्भ एके काळी एकाच भूमीचे भाग होते, याची ही साक्ष. गोंडांच्या प्रदेशावरून त्या भूमीला गोंडवन हे नाव पडले.

सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी गोंडवन दुभंगू लागले. श्रोत्यांना साहजिकच वाटेल की, अंटार्क्टिका सरकत ध्रुवावर गेली आणि गोठली. पण तसे घडले नाही. २०१७ साली पश्चिम अंटार्क्टिकेच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळाला छिद्र पाडले, तेव्हा ९ कोटी वर्षांपूर्वीच्या अरण्याची मुळे व परागकण वर आले. ती भूमी तेव्हाही ध्रुवाजवळच होती. महिनोन्महिने सूर्यदर्शन नसतानाही तेथे वृक्ष वाढत होते.

मग हिम आले कोठून? एक उत्तर असे : प्रथम ऑस्ट्रेलिया व पुढे दक्षिण अमेरिका अंटार्क्टिकेपासून सुटली, आणि मधल्या सामुद्रधुन्यांतून पाण्याला खंडाभोवती अखंड फिरण्यास वाट मिळाली. आज हा प्रवाह दर सेकंदाला १३ कोटी घनमीटरांहून अधिक पाणी वाहून नेतो. जगातील साऱ्या नद्या एकत्र केल्या तरी त्याच्या शतांशाच्या आसपासच भरतील. या वेढ्यामुळे उत्तरेकडील उष्ण पाणी खंडापर्यंत पोहोचेनासे झाले.

उत्तर सुबक आहे. पण पुरेसे नाही. दक्षिण अमेरिकेकडील ड्रेक सामुद्रधुनी खोल केव्हा झाली, याविषयी भूशास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही. हिमाचे आवरण मात्र सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी झपाट्याने पसरले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या गणितांत वातावरणातील कार्बन डायऑक्साइड घटणे हेच मुख्य कारण ठरले. सामुद्रधुन्यांचा वाटा दुय्यम. त्या वायूचे प्रमाण कारखानदारीपूर्वीच्या पावणेतीनपटीच्या आसपास उतरले, की गणितात हिमखंड वाढू लागतो. हा निष्कर्ष अधिक सयुक्तिक वाटतो, कारण त्याच सुमारास वायूही खरोखरच घटत होता.

कारखानदारीपूर्वी हे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे २८० होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहे. अंटार्क्टिकेचे सारे हिम वितळले, तर समुद्र सुमारे ५८ मीटर चढेल.