पडलेल्या गड्याचं काय करायचं?



माझे चुलते हुतूतू खेळायचे. ते सांगायचे, गडी वाटून घेण्याआधीच एक गोष्ट ठरवावी लागायची: आज संजीवनी, गामिनी की अमर? संजीवनीत आपला गडी बाद झाला की बाहेर बसायचा, पण समोरचा एक मारला की आपला एक उठून पुन्हा आत यायचा. गामिनीत बाद झालेला बाहेरच. एका बाजूचे सगळे गडी संपेपर्यंत त्याला मैदान बंद. अमरमध्ये कुणी बाहेर जातच नाही, नुसते गुण मोजायचे. १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत गेलेली आपली कबड्डी ही संजीवनीचीच लेक. आजही बाद झालेले गडी ज्या क्रमानं गेले, त्याच क्रमानं परत येतात.

मी वीस वर्षांपासून कॉम्प्युटरवर भूमिकेचे खेळ खेळतो आहे. एमआयडीसीत मेंटेनन्सला काम करतो, आणि रात्री घरी आल्यावर चार भिडूंची पार्टी घेऊन अंधाऱ्या भुयारात उतरतो. या खेळांबद्दल माझी जी काही मतं बनली, ती चुलत्यांच्या त्या तीन शब्दांभोवती बनली. तीच आज मांडतो.

आधी एक शंका दूर करतो, कारण समोर मुलांचे आईवडील बसलेत. पैसे लावून खेळायचे जे ऑनलाइन प्रकार आहेत, ज्यांच्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारनं बंदीचा कायदा केला, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. त्यांनी घरं बुडवली. ती बंदी मला मान्य आहे. मी बोलतोय तो खेळ विकत घ्यायचा, घरी बसून साठ-सत्तर तास खेळायचा, जाडजूड कादंबरी वाचावी तसा.

हा खेळ जन्मला कागदावर. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र होतात. कुणी तलवारबाज, कुणी वैद्य, कुणी चोर, कुणी मंत्रवाला. जमेल की नाही हे फासे ठरवतात. पुढं हाच डाव कॉम्प्युटरवर गेला. १९८१ च्या 'विझर्डरी'त सहा जणांची पार्टी असायची. पुढच्या रांगेत तिघं, मागं तिघं, आणि तलवार चालायची ती पुढच्या तिघांचीच. म्हणजे कुणाला कुठं उभं करायचं हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनचा आहे. त्या खेळात सगळी पार्टी भुयारात मेली, तर तिचे देह तिथंच पडून राहायचे. नवी पार्टी बांधून, तिला तेवढं तयार करून, जुन्यांना आणायला पाठवावं लागायचं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी किती तरी वेळ त्याचाच विचार करत होतो. खेळ बनवणाऱ्यांनी मेलेल्याला विसरू दिलं नव्हतं.

पार्टीच्या खेळाची पारख करताना मी चित्रं किती सुंदर आहेत ते आधी बघत नाही. गडी पडला की खेळ काय करतो, हे बघतो. डावपेच तिथून ठरतात.

गामिनीचे खेळ बघा. जपानचा 'फायर एम्ब्लेम' १९९० चा. त्यात लढाईत पडलेला शिपाई कायमचा गेला. 'डार्केस्ट डंजन' २०१६ चा. चार जण एका रांगेत उभे, कोण पहिल्या जागेवर आणि कोण चौथ्या यावर कुणाचा कोणता वार चालणार ते ठरतं, आणि मेला तो मेला. असे खेळ खेळताना हात आखडतो. प्रत्येक पाऊल मोजून पडतं. एका भिडूला वाचवण्यासाठी जिंकत आलेली मोहीम सोडून माघार घ्यावी लागते, आणि माघार हाही डाव आहे हे अंगात मुरतं. तरी मला गामिनीत एक खोट दिसते. माणूस भीतीपोटी आवडत्या गड्यांना मागं ठेवतो आणि नव्या, कच्च्या पोरांना पुढं ढकलतो. ती मेली तर मेली. असं मी स्वतः केलंय, आणि ते बरं वाटलं नाही.

अमरचे खेळ उलटे. २००९ च्या 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'मध्ये भिडू पडला तरी लढाई संपली की उठून उभा राहतो. एखादी दुखापत अंगावर राहते, ती मलमपट्टीनं जाते. खेळ उत्तम आहे, गोष्ट तर फारच. पण एकटा शेवटपर्यंत टिकला तरी जिंकलो, एवढं कळल्यावर उरलेल्या तिघांकडे कोण बघतो?

संजीवनी सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत चांगली, असं माझं ठाम मत आहे. तिथं पडलेला गडी उठवता येतो, पण त्याची किंमत मोजावी लागते आणि ती डावातच मोजावी लागते. 'बॉल्डर्स गेट ३' हा बेल्जियमच्या लॅरियन कंपनीचा खेळ ऑगस्ट २०२३ मध्ये आला. पार्टी चौघांची, लढाई पाळीपाळीनं. भिडू कोसळला की लगेच मरत नाही. त्याच्या प्रत्येक पाळीला फासा पडतो. तीन वेळा चांगला पडला तर तो तगतो, तीन वेळा वाईट पडला तर जातो. मधल्या काळात दुसऱ्या कुणी जवळ जाऊन हात दिला तर तो उठतो, अगदी एका गुणाच्या जिवावर. पण हात देणाऱ्याचा त्या पाळीतला वार गेला. शिवाय पडलेल्यापर्यंत पोचायचं तर शत्रूच्या बगलेतून जावं लागतं, आणि जाता जाता फटका बसतो. वार करू की उचलू? दर लढाईत हा प्रश्न समोर येतो, आणि दर वेळी उत्तर वेगळं असतं. कबड्डीत तीनच गडी उरलेले असताना चढाईवाल्याला धरायचं की जाऊ द्यायचं, हे ठरवताना पोटात जसा गोळा येतो, तसाच इथंही येतो.

त्या खेळातली एक लढाई सविस्तर सांगतो, कारण मला जे म्हणायचंय ते सगळं तिच्यात आहे.

नदीकाठी एक लहान मुलगा वाळूतून चाललाय. समोर हार्पी आहेत, म्हणजे बाईचं तोंड आणि पक्ष्याचे पंख असलेल्या राक्षसिणी. त्या गातात, आणि गाणं ज्याच्या कानात शिरलं तो भान हरपून त्यांच्याकडे चालू लागतो. मुलगाही चाललाय. आपली माणसंही फासा चुकला की चालू लागतात. पहिल्यांदा खेळलो तेव्हा मी चौघांनाही जवळच्या हार्पीवर सोडलं. ती मारली. तोवर मुलगा गेला होता. लढाई मी जिंकलो होतो, खेळ पुढं चालू होता, कुणी मला हरला म्हणालं नाही. मी मात्र मागं जाऊन पुन्हा सुरुवात केली.

दुसऱ्यांदा मी आधी बघितलं की या मैदानावर सगळ्यांत दुबळं कोण. तो मुलगा. मग डाव त्याच्याभोवती बांधला. पार्टीतल्या वैद्यीणबाईंकडे एक मंत्र आहे, तो टाकला की एका वर्तुळात आवाजच उरत नाही. तो शत्रूवर न टाकता मुलाच्या वाटेवर टाकला. वर्तुळात आल्यावर त्याला गाणं ऐकू येईना. तलवारवाला मुलाच्या आणि हार्पीच्या मध्ये उभा राहिला. धनुष्यवाला उंच खडकावर गेला, कारण उंचावरून नेम चांगला लागतो. चौथ्याला मी पहिली पाळी काहीच करू दिलं नाही, राखून ठेवला. लढाई लांबली, दोघं कोसळले, दोघांना उठवलं. मुलगा वाचला.

पार्टी तिच्यातल्या सगळ्यांत दुबळ्या गड्याभोवती बांधायची. सगळ्यांत बलवानाभोवती बांधलेली पार्टी सोप्या लढाया पटापट मारते आणि अवघड लढाईत एका फाशानं उलटी होते. कारखान्यातही तसंच, आमच्या लाइनवर सगळ्यांत धिम्या मशिनच्या वेगानंच माल बाहेर पडतो. मेंटेनन्सच्या माणसानं त्याच मशिनपाशी उभं राहायचं असतं.

आता 'टँक' या शब्दाबद्दल. गेमर मंडळी अंगावर वार झेलणाऱ्या गड्याला टँक म्हणतात. नगरच्या माणसाला हा शब्द समजावून सांगायला नको. आर्मर्ड कोअरचं केंद्र आपल्याकडे, रणगाड्यांचं संग्रहालय १९९४ पासून आपल्याकडे. अनेक ऑनलाइन खेळांत टँकला एक बटण असतं. ते दाबलं की शत्रू मुकाट्यानं त्याच्याच अंगावर येतात. मला हे पटत नाही. शत्रूला मूर्ख करून जिंकण्यात कसला डाव? चांगल्या खेळात शत्रू चिलखतवाल्याला वळसा घालून थेट मागच्या मंत्रवाल्यावर जातो, कारण तोही शहाणा आहे. मग चिलखतवाल्याला जागा निवडावी लागते. दार, पूल, खिंड. १६६० साली बाजीप्रभूंनी घोडखिंडीत काय केलं ते इथं शाळकरी पोरालाही माहीत आहे. अडवण्याचं निम्मं काम त्या खिंडीनं केलं.

भिडूंना आधीच सूचना लिहून ठेवायची सोयही काही खेळांत असते. २००६ च्या 'फायनल फँटसी १२'मध्ये ती फार छान होती. 'जोडीदाराची ताकद निम्म्याखाली गेली, तर औषध दे.' 'समोर शत्रू दिसला, तर वार कर.' अशा ओळी एकाखाली एक, आणि वरची ओळ आधी. मी पाहिलं आणि हसूच आलं, कारण दिवसभर मी मशिन चालवणाऱ्या पीएलसीचं लॅडर, म्हणजे अशाच ओळीत लिहिलेल्या सूचना, बघत असतो. हे तेच होतं. पहिल्यांदा मी वार वर लिहिला आणि औषध खाली. साहजिकच शत्रू दिसतोय तोवर औषधाची पाळीच आली नाही. ओळी तशाच ठेवून फक्त क्रम बदलला, आणि तीच पार्टी तगली. माझ्याबरोबरच्या शिकाऊ मुलांना मी इंटरलॉकचं, म्हणजे एक अट पुरी झाल्याशिवाय मशिन पुढं जाऊ न देणाऱ्या सोयीचं, काम समजावताना हेच उदाहरण देतो. त्यांना ते लगेच कळतं.

जमिनीबद्दल बोलल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. हल्लीच्या पार्टीच्या खेळांत पाणी, तेल, चिखल यांना फार महत्त्व आहे. पाण्यात वीज सोडायची, तेलाला आग लावायची, शत्रूला निसरड्यावर आणायचं. तरुण मंडळी म्हणतात, केवढी नवी कल्पना! अहो, १६२४ साली आपल्या शिवेवर भातवडीला निजामशाहीच्या मलिक अंबरनं काय केलं? मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजा एकत्र चालून आल्या. उघड्या मैदानात त्यांच्यापुढं टिकणं शक्य नव्हतं. अंबरनं भातवडीच्या तलावाचं पाणी सोडलं. शत्रूच्या छावणीची वाट चिखलात गेली, रसद अडली, रात्रीचे छापे सुरू झाले, उपाशी शिपाई पळू लागले. मग घाव घातला. शहाजीराजे त्या लढाईत होते, आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी तिथंच पडले. संजीवनी नसलेला डाव होता तो. तिथं माणसं खरी होती. खेळताना हा फरक मी कधी विसरत नाही, आणि मुलांनीही विसरू नये.

पुण्यात आता खेळ बनतात. नॉडिंग हेड्स या पुण्याच्या कंपनीचा 'राजी' २०२० मध्ये आला. सर्कशीत वाढलेली मुलगी हरवलेल्या भावाच्या शोधात निघते. देखणा खेळ, आपल्या मातीतला, पण लढते ती एकटी. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा 'इंडस' २०२४ मध्ये आला. त्यात जथा असतो, पण तो बंदुकीचा आणि घाईचा डाव. मला हवाय तो तिसरा. पाळीपाळीनं चालणारा, चार भिडूंचा, भातवडीच्या बंधाऱ्यावर घडणारा. एक बारगीर, एक वैद्य, एक हेर, आणि तलावाचं पाणी कुठून कसं वाहतं हे ठाऊक असलेला एक पाणक्या. तो सगळ्यांत दुबळा, त्याच्या हातात तलवारही नाही, आणि तो पडला तर पाणी सुटणार नाही. त्याला बंधाऱ्यापर्यंत जिवंत न्यायचं, एवढाच डाव.

यासाठी मोठी कंपनी लागत नाही. सुरुवात १९७४ मध्ये झाली तशी कागदावर करता येते. समोर बसलेल्या मुलामुलींना माझं सांगणं आहे, एका सुट्टीच्या दिवशी चौघं मिळून भातवडीला जा. बंधारा बघा, चढ कुठं, उतार कुठं, ते वहीत काढून आणा. घरी आजोबा असतील तर त्यांना विचारा, ते हुतूतू कोणत्या नियमानं खेळायचे. मग माझ्याकडे या. वीस बाजूंचे फासे माझ्याकडे आहेत, गोष्ट मी चालवीन. पाणक्या कोण होणार, तेवढं येतानाच ठरवून या.