भावासाठी ट्रस्ट : नॉमिनी, मृत्युपत्र आणि आमची हिशेबाची वही

गेल्या भागाखाली बऱ्याच जणांनी एकच विचारलं होतं, "फॅमिली ट्रस्ट वगैरे उद्योगपतींचं असतं ना? आपल्याला काय करायचंय?" म्हणून आजचा भाग त्यावरच. थोडा लांब आहे. लोकलमध्ये असाल तर पुरेल, रिक्षात असाल तर अर्धा राहील.

ट्रस्ट म्हटलं की आपल्याला आठवतं देवस्थान, शाळा, नाहीतर गणेशोत्सव मंडळ. हे सगळे सार्वजनिक. त्यांना महाराष्ट्राचा १९५० चा कायदा लागतो, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी लागते. घरातल्या माणसांसाठी जो ट्रस्ट करतात तो खासगी. त्याला लागू होतो भारतीय न्यास अधिनियम, १८८२. हो, १८८२! टिळकांच्या 'केसरी'ला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. आणि या खासगी ट्रस्टचा धर्मादाय आयुक्तांशी काही संबंध नसतो. हे आधी सांगते, कारण आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी बाबांना थेट धर्मादाय कार्यालयात पाठवलं होतं.

गोष्ट साधी आहे. एक जण मालमत्ता देतो. दुसरा ती सांभाळतो, तो विश्वस्त. फायदा तिसऱ्याला होतो, तो लाभार्थी. कागदावर नाव विश्वस्ताचं, पण पैसा त्याचा नाही.

आमच्या घरात लाभार्थी आहे माझा दादा. वय ३६, बौद्धिक दिव्यांग. स्वतःचं जेवतो, कपडे घालतो, टीव्हीवर क्रिकेट बघतो, पण पाचशेची नोट आणि पन्नासची नोट त्याला सारखीच. बँकेचा फॉर्म, सही, ओटीपी हे त्याच्या जगातच नाही. आई-बाबांना एकच काळजी होती, जी असं मूल असलेल्या प्रत्येक घरात असते आणि कोणी मोठ्याने बोलत नाही : आमच्यानंतर याचं काय?

नातेवाइकांचं उत्तर ठरलेलं. "काय होणार? ताई आहे ना! सगळं तिच्या नावावर करा, ती बघेल त्याच्याकडे."

यावर थांबूया, कारण बहुतेक घरं इथेच थांबतात आणि पुढचा विचार करत नाहीत. समजा बाबांनी सगळं माझ्या नावावर केलं. मी चांगली आहे, मी बघेनही. पण माझ्या नावावर झालं म्हणजे ते माझं झालं. मी कोणाच्या कर्जाला जामीन राहिले आणि ते बुडलं, तर वसुलीवाले दादाचा वाटा वेगळा काढून ठेवणार नाहीत. उद्या मला गाडीने उडवलं, तर माझे वारस कोण? माझा नवरा आणि माझी तीन वर्षांची मुलगी. हिंदू वारसा कायदा, १९५६ तसंच सांगतो. त्या यादीत नवरा आणि मुलं असताना भावाचा नंबरच लागत नाही. माझा नवरा देवमाणूस आहे, हे ऐकतोय तो. पण दादाचं आयुष्य त्याच्या देवमाणूसपणावर सोडायचं का?

बरं, काहीच केलं नाही तर? मृत्युपत्र नसेल तर बाबांची मालमत्ता आई, दादा आणि मी अशा तिघांत समान वाटली जाणार. व्यंग आहे म्हणून वारसा जात नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे आणि ते योग्यच आहे. पण मग फ्लॅटमध्ये एक तृतीयांश दादाचा. उद्या दुरुस्तीसाठी कर्ज काढायचं, फ्लॅट विकून लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये जायचं, तर सही कोण करणार? मग कायदेशीर पालक नेमून घ्या, परवानग्या काढा. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्या अठरा वर्षांवरच्या व्यक्तीसाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून पालक नेमता येतो. ते आम्ही केलंच आहे, तुम्हीही करा. मूल अठराचं झालं की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे बऱ्याच घरांना माहीतच नसतं. पण पालकत्व म्हणजे माणसाची काळजी. पैशाची शिस्त वेगळी लावावी लागते.

म्हणून ट्रस्ट. बाबांनी हयात असतानाच विश्वस्तनामा केला. त्यात सुरुवातीला टाकले फक्त दहा हजार रुपये. हसू नका. ट्रस्टला मालमत्ता लागते, कितीही चालते. ट्रस्टचं स्वतंत्र पॅन काढलं, बँकेत खातं उघडलं. मग मृत्युपत्रात लिहिलं की माझ्यानंतर एफडी आणि फ्लॅट या ट्रस्टला जावा. असं का? हयातीत फ्लॅट ट्रस्टमध्ये टाकायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो, मुद्रांक शुल्क लागतं. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. शिवाय बाबांचं म्हणणं होतं, "मी जिवंत असेपर्यंत माझ्या घरात मीच मालक." बरोबर होतं त्यांचं.

मृत्युपत्राबद्दल पटकन. साध्या कागदावर चालतं. सही करणाऱ्याने सही करायची आणि दोन साक्षीदारांनी करायची. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकांकडे केलेली बरी. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण घ्या. आमच्या शेजारच्या आजोबांचे दोन्ही साक्षीदार त्यांच्याआधीच गेले!

आता नॉमिनी. तुम्ही सगळे डीमॅट उघडता, ॲपवर नॉमिनीत आईचं नाव टाकता आणि समजता झालं. नाही झालं. तुमच्या घरी भिंतीवर 'कालनिर्णय' असेल. ते सुरू करणारे जयंतराव साळगावकर यांच्या गुंतवणुकीवरून हाच प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. १४ डिसेंबर २०२३ ला कोर्टाने सांगितलं की शेअर किंवा म्युच्युअल फंडाचा नॉमिनी हा मालक होत नाही. मालक कोण ते मृत्युपत्र ठरवतं, आणि ते नसेल तर वारसा कायदा. नॉमिनी हा कुरिअरवाल्यासारखा. पार्सल त्याच्या हातात येतं, ते योग्य दारी पोचवायचं. सोसायटीतही तेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनीला फक्त तात्पुरता सभासद करतात, वारस ठरेपर्यंत. अपवाद आयुर्विम्याचा. २०१५ पासून तिथे आई-वडील, नवरा किंवा बायको, मुलं नॉमिनी असतील तर पैसा त्यांचाच होतो.

बाबांच्या एफडीवर नॉमिनी मी होते. बाबा गेल्यावर रक्कम माझ्या खात्यात आली आणि चौथ्या दिवशी मी ती ट्रस्टच्या खात्यात भरली. बँकेतल्या बाईंनी दोनदा विचारलं, "मॅडम, नक्की ना?" (१ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चारपर्यंत नॉमिनी देता येतात. तुमचं खातं जुनं असेल तर बघून घ्या एकदा.)

आता खरी मेहनत सांगते. ट्रस्ट करणं दोन महिन्यांचं काम. चालवणं दादाच्या आयुष्यभराचं.

आम्ही तीन विश्वस्त आहोत. मी, माझा मामेभाऊ, आणि बाबांच्या ऑफिसमधले एक काका. कायद्यानुसार एकापेक्षा जास्त विश्वस्त असले की सगळ्यांनी मिळून निर्णय घ्यायचा असतो, विश्वस्तनाम्यात वेगळं लिहिलं नसेल तर. मामेभाऊ दुबईत असतो. म्हणून आमच्यात लिहिलंय : दोघांची सही पुरे, पण त्यातली एक काकांचीच हवी. माझी आणि मामेभावाची सही चालत नाही.

हा मुद्दा मीच धरून बसले होते. बाबांच्या पहिल्या मसुद्यात होतं की दादानंतर उरलेलं सगळं माझ्या मुलीला. ऐकायला छान. पण बघा ना, मी विश्वस्त, आणि दादावर खर्च न केलेला प्रत्येक रुपया शेवटी माझ्या घरात येणार. मी कितीही सरळ असले तरी फिजिओथेरपी आठवड्यातून दोनदा की तीनदा, हे ठरवताना तो रुपया खोलीत बसलेला असणार. म्हणून आम्ही बदललं. दादानंतर अर्धं माझ्या मुलीला, अर्धं त्याच्यासारख्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला, आणि काकांची सही सक्तीची. काकांना यातून एक पैसा मिळत नाही. विश्वस्तनाम्यात लिहिल्याशिवाय विश्वस्ताला मानधनही घेता येत नाही. काका दर तीन महिन्यांनी चहा पिऊन जातात, तेवढंच. काकांनंतर कोण, त्याचं नावही आत्ताच लिहिलंय.

हिशेब मी ठेवते. नियम कडक आहे : माझ्या यूपीआयवरून दादासाठी काही घ्यायचं नाही. घेतलंच तर त्याच आठवड्यात बिल लावून ट्रस्टमधून परत. न्हाव्याचे शंभर रुपयेसुद्धा वहीत. नवरा चिडवतो, "सख्ख्या भावाच्या केसांचं व्हाउचर?" पण कायदा म्हणतो विश्वस्ताने हिशेब स्पष्ट ठेवायचा, ट्रस्टचा पैसा स्वतःच्या फायद्यासाठी वापरायचा नाही, आणि मालमत्ता विकायची वेळ आली तर ती स्वतःच विकत घ्यायची नाही. मला वाटतं हिशेब दादासाठी जितका, तितकाच माझ्यासाठी आहे. उद्या कोणी बोट दाखवलं तर वही दाखवता येते.

करांचं सीएकडून समजून घ्या, पण दोन गोष्टी आधी माहीत असू द्या. ट्रस्ट कधीही मोडता येईल असा ठेवला तर त्याचं उत्पन्न देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. आणि लाभार्थ्यांचे वाटे ठरवून न देता विश्वस्तांच्या मर्जीवर सोडले, तर साधारणपणे सर्वांत वरच्या दराने कर बसतो. दादा एकटाच लाभार्थी आणि वाटा ठरलेला, त्यामुळे आमचं सोपं आहे.

विश्वस्तनाम्याबरोबर आईने एक दोनशे पानी वही लिहिलीय. कायद्याने तिला किंमत शून्य. पण माझ्यानंतर जो येईल त्याला विश्वस्तनाम्याआधी ती वाचावी लागेल. दादाला मिक्सरचा आवाज सहन होत नाही, आधी सांगून लावा. वरणभात कालवून द्यायचा नाही, तो स्वतः कालवतो. दात दुखला तर सांगत नाही, फक्त डाव्या बाजूने जेवतो. पावसाळ्यात खिडकी बंद केली तर रडतो. फिट आल्यास कोणती गोळी, कोणत्या डॉक्टरांना फोन. आई अजून त्यात भर घालते, परवा तिने "आता बुमराहचं नाव ओळखतो" असं लिहिलंय.

लग्न झालेल्या मुलांसाठी एक छोटी गोष्ट. टर्म इन्शुरन्स घेताना फॉर्मवर 'एमडब्ल्यूपी ॲक्ट' असा एक रकाना असतो. तो १८७४ चा कायदा. त्याखाली पुरुषाने बायको-मुलांसाठी पॉलिसी घेतली की ती आपोआप ट्रस्ट धरली जाते आणि त्याचे देणेकरी त्या पैशाला हात लावू शकत नाहीत. धंदा करत असाल, कर्ज असेल तर एजंटला नक्की विचारा. पॉलिसी घेतानाच करावं लागतं, नंतर नाही.

शेवटी एका ऐकणाऱ्या ताईंचा प्रश्न. "आमच्याकडे एक वन बीएचके आणि आठ लाखांची एफडी. बहीण स्पेशल आहे. एवढ्यासाठी ट्रस्ट?" ताई, वेगळा विश्वस्तनामा, पॅन, दरवर्षीचा सीए, हे आत्ता कदाचित नको. ट्रस्ट मृत्युपत्रातच लिहिता येतो. विश्वस्त कोण, त्यांच्यानंतर कोण, पैसा बहिणीच्या कशाकशासाठी, घरात तिचा राहण्याचा हक्क किती दिवस आणि शेवटी उरलेलं कोणाला. वकिलाला एवढं स्पष्ट सांगा, दीड पानात बसतं. आई-बाबा असेपर्यंत तो कागद कपाटात राहील, खर्च काही नाही. फक्त ज्यांना विश्वस्त करताय त्यांना आधी विचारा. नाव लिहिलं म्हणून कोणी बांधला जात नाही, त्याने जबाबदारी स्वीकारावी लागते.

पुढच्या भागात गावाकडची जमीन. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव तसंच आहे अशांनी मेसेज करून ठेवा, कोणत्या तालुक्यात ते लिहा म्हणजे बरं.