डोळे आधी, मान मागून



अंबाजोगाईच्या या परिषदेचे स्वागताध्यक्ष व्हा म्हणून समितीची मंडळी घरी आली, तेव्हा मी हात जोडले. म्हटलं, चाळीस वर्षं ताप-खोकला आणि चक्कर बघणारा मी गावचा डॉक्टर. माकडाचा मेंदू डोळे आणि मान कशी वळवतो, यावर मी काय बोलणार? सचिव म्हणाले, "काका, तुम्ही नुसतं स्वागत करा." माणसाच्या हाती माइक दिल्यावर अशा अटी टिकत नाहीत, हे त्यांना आता कळेल.

दारात तुम्हाला कार्यक्रमपत्रिका मिळाली आहे. ती डोळ्यांसमोर धरा आणि पत्रिकाच डावी-उजवीकडे भराभर हलवा. अक्षरं पुसट होतात. आता पत्रिका स्थिर ठेवा आणि तितक्याच वेगानं 'नाही नाही' अशी मान हलवा. वाचता येतंय ना? मागच्या रांगेतले आमचे चिरंजीव दोन्ही एकदम हलवताहेत, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला भेटावं.

पत्रिका हलते तेव्हा डोळ्यांना ती पाहून मागे धावावं लागतं आणि त्यात सेकंदाचा जवळजवळ दहावा भाग जातो. मान हलते तेव्हा मात्र बातमी कानातून येते. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांना डोकं फिरल्याचं कळतं, तिथून मधल्या तीन चेतापेशींच्या साखळीनं निरोप थेट डोळ्यांच्या स्नायूंना जातो आणि डोळे तेवढेच उलट फिरतात. सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत हे काम उरकतं. यालाच प्रतिक्षेप म्हणतात.

याचं सगळ्यात अवघड प्रात्यक्षिक आमच्या जिल्ह्यातल्या बाया दर हंगामात करतात. दिवाळीच्या सुमाराला बीडची गावंच्या गावं रिकामी होतात, ऊसतोडीचे कोयते फडावर जातात. बाई डोक्यावर चुंबळ ठेवते, वर उसाची मोळी घेते आणि तिरक्या फळीवरून ट्रकमध्ये चढते. मान वाकवून पाय कुठं पडतोय ते बघायची सोय नाही, कारण मोळी जाईल. बघायचं ते नुसते डोळे खाली करून. पावलागणिक अंगाला हिसका बसतो, तरी फळीची कड तिच्या नजरेत हलत नाही. इथं ज्या प्रतिक्षेपावर दोन दिवस चर्चा होणार आहे, त्याच्यावर तिची रोजची मजुरी उभी आहे. मुकादमाच्या वहीत मात्र तो कुठल्याच कलमाखाली येत नाही.

आता माकडांकडे येतो. बीड आणि माकडं म्हटलं की बाहेरच्यांना डिसेंबर २०२१ मधलं माजलगाव तालुक्यातलं लऊळ आठवतं. कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडावर, छपरावर नेणारी ती वानरं, आणि नागपूरहून आलेल्या वन विभागाच्या पथकानं पकडलेली त्यातली दोन. पिल्लांचे आकडे किती खरे, किती फुगवलेले, त्यात मी पडत नाही. पण एका हातात पिल्लू धरून या फांदीवरून त्या छपरावर उडी घेणाऱ्या वानराची नजर उडीआधीच पलीकडे पोचलेली असते, हे कुणीही पाहावं.

ती नजर पाठवतं कोण? मध्यमेंदूच्या माथ्यावर छोटे उंचवटे आहेत. त्यातल्या वरच्या जोडीला सुपिरिअर कॉलिक्युलस म्हणतात, आणि कॉलिक्युलस म्हणजे लॅटिनमध्ये टेकडी. आम्ही बालाघाटाच्या डोंगरावर राहणारी माणसं, आम्हाला हे नाव लगेच पटलं. १९७२ मध्ये डेव्हिड रॉबिन्सन यांनी माकडाच्या या टेकडीवर जागोजागी सूक्ष्म विद्युतप्रवाह देऊन पाहिला. प्रत्येक जागेची एक दिशा आणि एक अंतर ठरलेलं निघालं, म्हणजे टेकडीवर चक्क नकाशा! पुढं माकडाचं डोकं मोकळं ठेवून प्रयोग झाले, तेव्हा आणखी गंमत कळली. मोठ्या वळणाचा हुकूम निघाला की डोळे आणि मान दोन्ही वळतात. टेकडी सांगते फक्त नजर कुठं न्यायची. त्यात डोळ्यांचा वाटा किती आणि मानेचा किती, याची वाटणी खाली ब्रेनस्टेममध्ये होते. वतनाच्या वाटणीपेक्षा ती पुष्कळ बिनतक्रार होते.

मला या विषयाशी बांधणारी गोष्ट मात्र माझ्या एका चुकीची आहे. फार वर्षांपूर्वी एका बाईंना सकाळपासून न थांबणारी भोवळ आणि उलट्या होत्या. मी पित्त म्हटलं, गोळ्या दिल्या. तो लहान मेंदूचा झटका होता. १९८८ मध्ये हाल्मागी आणि कर्थॉइज यांनी एक साधी तपासणी मांडली: रोग्याला तुमच्या नाकाकडे बघायला सांगा आणि त्याचं डोकं हलकेच पण झटक्यात थोडं वळवा. डोळे डोक्याबरोबर वळून मग उडी मारत नाकावर परतले, तर दोष बहुधा कानाच्या नसेत. चालू असलेल्या भोवळीत ते नाकावरून ढळलेच नाहीत, तर उलट घाबरायचं, कारण मेंदूतल्या झटक्याचा संशय वाढतो. यंत्र लागत नाही, वीजही लागत नाही. ही तपासणी माझ्यापर्यंत पोचायला बरीच वर्षं गेली. म्हणून आयोजकांना माझा एकच हट्ट होता, की उद्याच्या कार्यशाळेत पहिल्या दोन रांगा प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांसाठी राखा. त्यांनी तो मानला.

पाहुण्यांनो, आद्यकवी मुकुंदराज आणि दासोपंत यांचं हे गाव. दासोपंतांनी कापडावर लिहिलेली पासोडी चाळीसेक फूट लांब आहे. ती वाचायला डोळे पुरत नाहीत, मान पुरत नाही, पायही हलवावे लागतात. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय इथलंच, आणि डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईला जाण्याआधी याच महाविद्यालयात काम केलं. जेवणात भाकरी-ठेचा आहे. बेतानं घ्या.

आणखी बोललो असतो, पण सचिव डावीकडून घड्याळ दाखवताहेत. माझे डोळे त्यांच्याकडे केव्हाच गेले होते, मान आत्ता वळते आहे. आपणा सर्वांचं मनापासून स्वागत.