फुफ्फुसातल्या पेशींचे निरोप

क्षयाचा जंतू श्वासावाटे आत जातो, तेव्हा वायुकोशात त्याची गाठ पडते ती तिथेच मुक्काम असलेल्या भक्षकपेशीशी. धूळ, काजळी, जंतू गिळणं हे तिचं रोजचं काम. एरवी ती शांत असते, आणि ते बरंच आहे. प्रत्येक धूलिकणावर सूज आली असती तर श्वास घेणंच अवघड झालं असतं.

क्षयाचा जंतू मात्र गिळला तरी सहजी मरत नाही. मग पेशीतली ठरावीक जनुकं जागी होतात आणि सायटोकाइन नावाची छोटी प्रथिनं बाहेर पडतात. हेच निरोप. त्यांच्या ओढीनं रक्तातल्या मोनोसाइट आणि टी-पेशी तिथे पोचतात. टी-पेशींच्या इंटरफेरॉन गॅमा या सायटोकाइनमुळे भक्षकपेशीची मारकशक्ती वाढते. टीएनएफ हे दुसरं प्रथिन जंतूंभोवतीचा पेशींचा वेढा टिकवून धरतं.

म्हणूनच संधिवातावर टीएनएफ रोखणारी औषधं देण्याआधी डॉक्टर क्षयाची तपासणी करतात. वेढा सैल पडला, तर वर्षानुवर्षं निपचित असलेला जंतू पुन्हा उठू शकतो. ही तपासणी कृपया टाळू नका.

त्यातल्या एका चाचणीत रक्तात क्षयजंतूची प्रथिनं मिसळून ते ३७ अंश सेल्सिअसला १६ ते २४ तास ठेवतात, आणि पेशींनी किती इंटरफेरॉन गॅमा सोडलं ते मोजतात. बीसीजी लस घेतलेली असली तरी ही चाचणी फसत नाही. ती संसर्ग सांगते. आजार आहे का, हे ठरवायला छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी लागतेच.