निम्म्या किमतीचा टायर

मोटार घ्यावयाची म्हटली म्हणजे माणूस दहा ठिकाणी चौकशी करतो, जाणकार स्नेह्याला बरोबर नेतो, कधी कधी मुहूर्तही पाहतो. त्याच मोटारीला टायर घ्यावयाचा झाला, की त्याची सारी चौकशी एका शब्दात आटोपते : ‘कितीला?’ आणि तो टायर जुन्या बाजारातला असला, तर पुढची घासाघीसही त्या एकाच शब्दाभोवती फिरत राहते. वास्तविक सव्वा टनाची ती गाडी आणि आतली चार माणसे रस्त्याला टेकलेली असतात ती तळहाताएवढ्या रबराच्या चार तुकड्यांवर.

जुने टायर घेणाऱ्यांची चेष्टा करण्याचा माझा हेतू नाही. मी त्यांच्यापैकीच एक आहे. ज्या महिन्यात मुलांच्या शाळेची फी आणि विम्याचा हप्ता येतो, नेमक्या त्याच महिन्यात टायर ‘गोटा’ होतात, असा माझा अनुभव आहे. अशा वेळी पाय आपोआप जुन्या मालाच्या बाजाराकडे वळतात. मोटारींच्या जुन्या सुट्या भागांचा असा बाजार बहुतेक प्रत्येक मोठ्या शहरात असतो. दिल्लीत मायापुरी, कोलकात्यात मलिक बाजार, चेन्नईत पुदुपेट, मुंबईत कुर्ला. तिथे जाणारा प्रत्येक जण फसतो असे मुळीच नाही. परंतु काय विकत घ्यावयाचे आहे हे ज्याला ठाऊक नाही, तो मात्र हमखास फसतो. मी फसलो तो अशा नामांकित बाजारातही नव्हे, तर रस्त्याकडेच्या एका लहानशा दुकानात.

ही गोष्ट २०२३ सालची. टायर काळाभोर होता, नक्षी खोल होती, किंमत नव्याच्या निम्मी होती. मी नखाने नक्षी चाचपली, जाणकाराप्रमाणे मान डोलावली आणि पैसे मोजले. मे महिन्यात नागपूरहून अमरावतीकडे निघालो असता भर दुपारी मागून धाडधाड आवाज येऊ लागला आणि गाडी एका अंगाला झुकू लागली. गाडीत पत्नी, मुलगी आणि मागे डुलकी घेत असलेली आई. वेग बेताचा होता, मागे मोठे वाहन नव्हते, म्हणूनच गाडी बाभळीच्या आडोशाला उभी करता आली. आई जागी होऊन म्हणाली, “पोचलो का रे?” खाली उतरून पाहतो तो नक्षीचा सबंध पट्टा, साप कात टाकतो तसा, टायरावरून सुटून लोंबत होता.

मी चाक बदलीत असता मुलगी त्या टायरावरची अक्षरे वाचीत बसली होती. एकाएकी तिने विचारले, “बाबा, हा टायर १९१२ सालचा आहे?” तिथे एका लंबगोलात ‘१९१२’ असे आकडे होते खरे. त्यांचा अर्थ मला त्या संध्याकाळी कळला. पहिले दोन आकडे वर्षातल्या आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे : २०१२ सालचा एकोणिसावा आठवडा. टायर अकरा वर्षांचा होता. उभी हयात कागदावरची तारीख आधी पाहण्यात घालविलेला मी. ही एक तारीख तेवढी पाहिली नव्हती.

हे चार आकडे टायरच्या बाजूवर ‘डी.ओ.टी.’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी असतात. पुष्कळदा ते एकाच बाजूला असतात, म्हणून टायर उलटून पाहावा लागतो. विक्रेत्याला तो उलटण्याचा कंटाळा येऊ लागला, तर आपण विशेष उत्साह दाखवावा. आकडे चारांऐवजी तीनच असतील, तर तो टायर गेल्या शतकातला समजून नमस्कार करावा आणि पुढच्या दुकानाकडे वळावे.

नक्षी शाबूत असताना टायर म्हातारा कसा होतो, हे कोडे मलाही पडले होते. रबर केवळ झिजत नाही, ते वाळतेही. हवेतला प्राणवायू आणि ओझोन त्याच्यावर सतत काम करीत असतात, आणि आपल्याकडचा उन्हाळा त्या कामाला गती देतो. हे टाळण्यासाठी कारखानदार रबरात मेणासारखी द्रव्ये मिसळतात. चाक फिरत राहिले, की ती हळूहळू पृष्ठभागावर येऊन रबराचे रक्षण करतात. टायर नुसताच पडून राहिला, की हे रक्षण दुबळे पडते. म्हणूनच ‘हा तर स्टेपनीचा टायर, साहेब, रस्त्याला लागलेलाच नाही’ या वाक्याने हुरळून जाऊ नये. स्टेपनी हा शब्द, जाता जाता सांगतो, वेल्समधील लानेली गावच्या एका रस्त्याच्या नावावरून आला. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे जादा चाके बनविण्याचा धंदा निघाला. तो धंदा केव्हाच मिटला, पण शब्द आपल्याकडे राहून गेला. स्टेपनीचा टायरही असाच, न वापरता, डिकीच्या अंधारात वर्षानुवर्षे राहून गेलेला असतो. पाच वर्षांनंतर टायरची दरवर्षी तपासणी करावी आणि दहा वर्षांनंतर तो दिसायला कितीही चांगला असला तरी काढून टाकावा, असे काही मोठे टायर-कारखानदार सांगतात; काही मोटार-कारखानदारांची मर्यादा तर सहाच वर्षांची आहे. जुना टायर घेताना चार वर्षांपलीकडे जाऊ नये, असे मी स्वतःपुरते ठरविले आहे.

आता निम्म्या किमतीचा हिशोब. मोटारीच्या नव्या टायरची नक्षी सुमारे ८ मिलिमीटर खोल असते. परंतु हे आठही मिलिमीटर आपल्या मालकीचे नसतात. खाचांच्या तळाशी, जागोजागी, रबराचे आडवे उंचवटे असतात. त्यांची उंची १.६ मिलिमीटर. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, की टायर संपला. म्हणजे वापरावयास मिळतात ते ६.४ मिलिमीटर. ज्या जुन्या टायराची नक्षी ४ मिलिमीटर उरली आहे, तो आपल्याला अर्धा शिल्लक दिसतो. पण त्यात वापरण्याजोगे फक्त २.४ मिलिमीटर असतात. रुपयाच्या मालातला हा साडेसदतीस पैशांचा माल आपण पन्नास पैशांना घेतो आणि स्वस्त मिळाला म्हणून घरी सांगतो. पावसाळ्याचा विचार केला तर गणित आणखी बिघडते. खाचा उथळ झाल्या, की चाकाखालचे पाणी बाहेर फेकले जात नाही आणि गाडी पाण्यावर तरंगू लागते. म्हणून ओल्या रस्त्यासाठी ३ मिलिमीटरलाच टायर बदलावा, असे जाणकार म्हणतात. कोकणात राहणाऱ्याने ती मर्यादा धरली, तर नव्या टायरात त्याला पाच मिलिमीटर मिळतात आणि या जुन्यात एकच. वीस पैशांचा माल! उलट, दोन वर्षांचा आणि ६ मिलिमीटर नक्षीचा टायर निम्म्या किमतीत मिळत असेल, तर तो खरोखरच सौदा आहे. खोली मोजण्याचे लहानसे साधन थोडक्या पैशांत मिळते; ते खिशात असले, की विक्रेत्याचे बोलणेही बदलते.

त्या आडव्या उंचवट्यांचा दुसराही एक उपयोग आहे. काही ठिकाणी गुळगुळीत झालेल्या टायरात तापल्या हत्याराने नव्या खाचा कोरतात आणि वरून काळे पॉलिश फासतात. असे कोरीव काम करताना हे उंचवटे कापले जातात. खाच खोल आहे आणि उंचवटा कुठेच नाही असे दिसले, तर आतल्या तारांवर जेमतेम रबर उरले आहे असे समजावे. पॉलिशवर ओले फडके फिरवावे, बाजू अंगठ्याने दाबून बारीक भेगा दिसतात का ते पाहावे. मग टायराच्या आत डोकावावे. हे फारच थोडे लोक करतात. आत कडेने गोलाकार सुरकुत्या किंवा रबराचा काळा भुगा दिसला, तर तो टायर हवा नसताना धावलेला आहे. पंक्चरचे ठिगळ नक्षीच्या भागात असले तर चालते, बाजूला असले तर नाही. बाजूला फुगा आला असेल तर आतले धागे तुटले आहेत. त्यावर औषध नाही.

रिमोल्ड टायर मात्र या फसवणुकीत मोडत नाही. एस.टी.च्या गाड्या, मालमोटारी, इतकेच काय, विमानेही रिमोल्ड टायरांवर धावतात; पण तिथे मूळ सांगाडा तपासून मगच त्यावर नवे रबर चढविलेले असते. रस्त्याकडेच्या कोरीव कामाला ते नाव देऊ नये.

मग चांगले जुने टायर येतात कोठून? श्रीमंतांच्या हौसेतून. नवी गाडी घेताच मोठी, चकचकीत चाके बसवून घेणारे लोक असतात, आणि त्यांच्या गाडीचे मूळ टायर शे-दोनशे किलोमीटर धावून दुकानात राहतात. विक्रेत्याकडे नेमके याचसाठी विचारावे, आणि एकाच जातीची, एकाच सुमाराची जोडी मागावी. माप आपल्या गाडीचेच असावे. ‘१६५/८० आर १४ ८५टी’ असे लिहिलेले असेल, तर रुंदी १६५ मिलिमीटर, उंची त्याच्या ८० टक्के, रिम १४ इंचाची, आणि शेवटच्या ८५टी चा अर्थ एका चाकावर ५१५ किलो भार व ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा वेग. हा शेवटचा आकडा गाडीच्या पुस्तिकेतल्यापेक्षा कमी चालत नाही.

जोडी घेतली, तर ती मागच्या चाकांना लावावी. पुढे लावण्याचा आग्रह पुष्कळ दुकानदार करतात. परंतु ओल्या रस्त्यावर मागची चाके सुटली तर गाडी गरकन फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही.

त्या अकरा वर्षांच्या टायराची हकीकत तेवढी सांगावयाची राहिली. दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या पंक्चरवाल्याने तो उचलून कोपऱ्यात ठेवला आणि म्हणाला, “राहू द्या साहेब, कोणाला तरी लागेल.” पट्टा सुटलेला टायर कोणाला लागणार, असे विचारावयास मी तोंड उघडले, तेवढ्यात त्याच कोपऱ्यातला पॉलिशचा डबा दिसला. मी त्याच्याकडून सुरी मागून घेतली आणि त्या टायराची बाजू आरपार कापून मगच पैसे दिले. आता जुना टायर काढला, की मी तेवढे करवून घेतो. पंक्चरवाले नाराज होतात.