उसनवारीचा हिशेब



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने भाषेची काळजी करावी आणि अभियंत्यांच्या परिषदेतल्या अध्यक्षाने देशाच्या ऊर्जाधोरणाची, असा रिवाज आहे. माझा जन्म पॅनेलरूममध्ये गेला, म्हणून मी कपॅसिटरबद्दल बोलणार. परिभाषा कोशात त्याला धारित्र म्हणतात. शब्द सुरेख आहे. पण या हैदराबादेत तेलुगू इलेक्ट्रिशियन, दखनी बोलणारा हेल्पर आणि आपला मराठी सुपरवायझर एका पॅनेलपुढे उभे राहिले, की तिघेही एकमुखाने ‘कंडेन्सर’ म्हणतात.

मोटर उसनवारी करते. चुंबकक्षेत्र उभारायला ऊर्जा घेते आणि लगोलग परत करते. 50 हर्ट्झच्या पुरवठ्यावर प्रत्येक फेजमध्ये सेकंदाला 100 वेळा. शेजारणीकडून वाटीभर साखर आणायची आणि तशीच परत नेऊन द्यायची, असा हा प्रकार. साखर खर्च होत नाही, पण जाणाऱ्या-येणाऱ्याचे पाय दुखतातच. केबल तापते, ट्रान्सफॉर्मरची जागा अडते. कपॅसिटर लावणे म्हणजे त्या शेजारणीला भिंतीपलीकडे बिऱ्हाड करून देणे. मोटर मागते त्या क्षणी तो सोडतो, ती परत करते त्या क्षणी ठेवून घेतो.

किती मोठा कपॅसिटर लावायचा, हे गणित डिप्लोमाच्या पोरालाही येते. 200 किलोवॉट भार, पॉवर फॅक्टर 0.75, न्यायचा 0.98 वर. दोन्ही कोनांच्या टॅन्जंटमधला फरक 0.68, त्याला 200 ने गुणले की 136 केव्हीएआर. 415 व्होल्टवरचा 371 अँपिअरचा करंट 284 वर येतो आणि त्या केबलमधला तांब्याचा व्यय चाळीस टक्क्यांहून अधिक घटतो. मालक खूश.

पण त्यातले 200 आणि 0.75 आणले कुठून? बहुतेक जण बिलातून आणतात. बिलावर महिन्याची सरासरी असते. दिवसा वीस मोटरी आणि रात्री एकटा कॉम्प्रेसर चालवणाऱ्या कारखान्याची सरासरी त्याच्या दिवसालाही लागू पडत नाही, रात्रीलाही नाही. आठवडाभर, रविवार धरून, दर पंधरा मिनिटांची नोंद घेतल्याशिवाय मी आता आकडा सांगत नाही. हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही.

वीसेक वर्षांपूर्वी पटणचेरूच्या बाजूला एका औषध कारखान्यात मी 200 केव्हीएआरचे एपीएफसी पॅनेल बसवले. ट्रान्सफॉर्मर 500 केव्हीएचा, इम्पीडन्स 5 टक्के. वर्षभर सारे सुरळीत चालले. मग त्यांनी पंपांना आणि ब्लोअरना ड्राइव्ह लावले, आणि कपॅसिटर फुगू लागले, फ्यूज उडू लागले. मी आधी मालाला नावे ठेवली, मग वायरमनला. शेवटी एका रात्री कागद घेऊन बसलो. 500 ला 5 टक्क्यांनी भागले की फॉल्ट लेव्हल 10,000 केव्हीए. तिला 200 ने भागले की 50, आणि त्याचे वर्गमूळ सात. सहा-पल्स ड्राइव्ह मुख्यतः पाचवा आणि सातवा हार्मॉनिक सोडतो. म्हणजे माझे पॅनेल पूर्ण भरात आले, की नेमके त्याच सुरात घुमत होते. कमी पायऱ्या चालू असल्या की सूर सरकायचा, म्हणून काही दिवस काहीच बिघडायचे नाही आणि मी बुचकळ्यात पडायचो. घाबरून दुप्पट, 400 केव्हीएआर लावले असते, तर बरोबर पाचव्यावर जाऊन पडलो असतो.

उपाय म्हणून 7 टक्क्यांचे डिट्यून्ड रिअॅक्टर घातले. त्यांनी सूर 189 हर्ट्झवर, म्हणजे पाचव्याच्या खाली आणला. इथेही एक खाच आहे. रिअॅक्टरमुळे कपॅसिटरवर 415 च्या जागी 446 व्होल्ट पडतात, म्हणून 525 व्होल्टचा कपॅसिटर घ्यावा. पण त्याच्यावर छापलेले 100 केव्हीएआर 525 व्होल्टवरचे असतात. रिअॅक्टरसकट 415 वर हातात येतात 67. छापील आकड्यांची बेरीज करून कोटेशन देणारे मी आजही पाहतो. आणि ड्राइव्हमागच्या मोटरीसाठी वेगळा कपॅसिटर मागणारे तर विचारूच नका. तिथला दोष विस्कटलेल्या लहरीचा आहे. तिथे उसनवारीच नाही, तर शेजारीण काय देणार?

थेट पुरवठ्यावरच्या मोटरीला कपॅसिटर चिकटवायचा असेल, तर तो तिच्या नो-लोड केव्हीएआरच्या 90 टक्क्यांत ठेवा. नो-लोड करंट 20 अँपिअर असेल तर 12 केव्हीएआर पुरे; 13 ला सीमा संपली. त्यापुढे गेलात, तर पुरवठा तोडल्यावरही मोटर स्वतःच वीज बनवत राहते आणि व्होल्टेज चढवते.

वाळूजहून इथे येणारे मित्र अजून जुन्या सवयीने ‘युनिटीला नेऊन ठेवा’ म्हणतात. महाराष्ट्रात पूर्वी चांगल्या पॉवर फॅक्टरला बिलात सूट होती, तिचा हा संस्कार. एप्रिल 2020 पासून तिथेही उच्चदाब ग्राहकांचे बिल केव्हीएएचवर येते, आणि त्यात लीडिंगचा भागही मोजला जातो. रात्री कोणी मागत नसताना साखर देत सुटलेल्या शेजारणीचेही पैसे आपल्यालाच भरावे लागतात. सगळा कपॅसिटर फिक्स्ड ठेवणे मला म्हणूनच आळशीपणाचे वाटते. ट्रान्सफॉर्मरच्या नो-लोडपुरता फिक्स्ड ठेवा, बाकीचा पायऱ्यांनी जोडा. एक-दोन पायऱ्या लहान असू द्या, नाहीतर हलक्या भाराला कंट्रोलर नुसता ये-जा करत बसतो.

आता एक विनंती. सोमवारी कामावर गेलात की पॅनेलमधल्या प्रत्येक कपॅसिटरचा करंट ट्रू-आरएमएस क्लॅम्पमीटरने मोजा. रिअॅक्टर नसलेल्या 440 व्होल्ट, 25 केव्हीएआरच्या कपॅसिटरने 415 वर 31 अँपिअर घ्यायला हवेत. वीस दिसले तर तो संपत आला आहे. चाळीस दिसले, तर नवा मागवण्याआधी वर्गमूळ काढून पाहा.